कै. मास्टर दीनानाथ मंगेशकर

मास्टर दीनानाथ मंगेशकर हे नाव ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत क्वचितच सापडेल. परंतु बहुतेकांस ते लताबाई, आशाबाई इत्यादी प्रख्यात गायिकांचे वडील एवढ्याच नात्याने ठाऊक असते. कन्यांच्या कीर्तीमुळे पित्याची ओळख राहावी ह्यात गैर काही नाही. तथापि ज्या काळी ह्या मुली रांगत होत्या, त्या काळी त्यांच्या वडिलांचे नाव नाटकाच्या जाहिरातीत दिसताच तिकिटाच्या खिडकीवर झुंबड उडत असे. आणि ह्याच पुरुषास वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी विपन्नावस्थेत देह ठेवावा लागला. असे का झाले, ह्याचे उत्तर एकट्या दीनानाथांच्या स्वभावात सापडत नाही. १९३० नंतरच्या दहा वर्षांत नाटक आणि बोलपट ह्यांच्यात जी ओढाताण झाली, तिच्यात ते शोधावे लागते. म्हणून त्यांच्या चरित्राबरोबर त्या ओढाताणीचीही हकीकत आम्ही येथे देत आहोत. शिवाय ह्या गोमंतकीय पुरुषाच्या आयुष्याचे काही धागे आपल्या नागपूर-वऱ्हाडाशी कसे गुंतलेले आहेत, हेही येथील वाचकांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी ह्या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. वडील गणेशभट्ट हे श्रीमंगेशाच्या देवळात अभिषेक करणारे पुजारी. आई येसूबाई ह्या देवळाच्या सेवेतील गायिका. गाणे मुलास आईकडून आले. मंगेशाच्या गावचे म्हणून त्यांनी मंगेशकर हे आडनाव घेतले व तेच पुढे साऱ्या घराण्याचे झाले. बाबा माशेलकर ह्यांच्यापाशी त्यांनी अगदी लहानपणी गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे रामकृष्णबुवा वझे ह्यांच्यासारख्या थोर गवयाचे मार्गदर्शनही त्यांस लाभले. पण शाळेत बसून क्रमाक्रमाने शिकावे तसे त्यांचे शिक्षण झाले नाही. जेथे जे चांगले कानी पडे ते उचलावे, आणि उचललेले आपल्या गळ्यातून अगदी निराळे करून बाहेर काढावे, ही त्यांची रीत होती.

१९१३ साली मराठी रंगभूमीवर एक मोठी घटना घडली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ज्या परंपरेचा आरंभ केला, तिचा वारसा चालविणाऱ्या किर्लोस्कर नाटक मंडळीतून बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे तिघे फुटून निघाले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीस नव्या गळ्याची निकड भासू लागली. अशा वेळी गोव्याचा हा कोवळा मुलगा मंडळीत आला. नाटक मंडळीत लहान वयात आलेल्या नटास मास्टर म्हणण्याचा प्रघात होता. दीनानाथांच्या नावामागे ती पदवी जी लागली ती कायमची. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. रूप देखणे, आवाज उंच व पल्लेदार, त्यामुळे दीनानाथांकडे नायिकेची कामे येऊ लागली.

१९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे ह्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून आपली स्वतःची संस्था उभारली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे मूळ नाव बळवंत. त्यावरून नव्या संस्थेस बळवंत संगीत मंडळी असे नाव दिले. ज्या घरातून बाहेर पडलो त्या घराच्या मूळ पुरुषाचे नाव पुढे चालवावे, ही कृतज्ञता आम्हांस मोठी लोभस वाटते. संस्थेच्या धन्यांपैकी एक असलेले दीनानाथ त्या वेळी पुरते १८ वर्षांचेही नव्हते.

आता नागपूरकडील पहिला धागा. नाटककार राम गणेश गडकरी हे पूर्वी किर्लोस्कर मंडळीत मुलांस शिकविण्याचे काम करीत. ते पुढे क्षयाने जर्जर झाले व नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील सावनेर येथे येऊन राहिले. अंथरुणास खिळले असताही त्यांचे लेखन चालूच होते. तेथेच त्यांनी ‘भावबंधन’ ह्या नाटकाचा अखेरचा भाग पुरा केला व २३ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. हे नाटक बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. कपटी घनश्यामाचे काम चिंतामणरावांनी केले, आणि अल्लड, मानी लतिकेचे काम दीनानाथांनी. दोन्ही भूमिका इतक्या गाजल्या की मंडळीचे पाय त्या एका नाटकाने घट्ट रोवले गेले. पुढे दीनानाथांनी आपल्या थोरल्या मुलीचे हेमा हे नाव बदलून लता असे ठेवले, ते ह्या लतिकेवरूनच. साऱ्या जगास परिचित झालेल्या ह्या नावाचा उगम अशा रीतीने सावनेरच्या एका रुग्णशय्येपाशी जाऊन पोचतो.

नाटक मंडळी म्हणजे काय, हे आजच्या मुलांस समजावून सांगितले पाहिजे. ते एक फिरते गावच असे. नट, गवय्ये, सारंगिये, तबलजी, ऑर्गन वाजविणारे, पडदे रंगविणारे, शिंपी, आचारी, नोकरचाकर मिळून शे-पाऊणशे माणसे एकत्र राहत व एका पंगतीस जेवत. राजवाड्याचे, अरण्याचे, रस्त्याचे प्रचंड पडदे, भरजरी शालू व दागिन्यांच्या पेट्या आगगाडीच्या डब्यांत भरून मंडळी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जात असे. मुंबई, पुणे, नाशिक, खानदेश, वऱ्हाड, नागपूर असा एक फेरा. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा दुसरा. मुंबई-कलकत्ता लोहमार्गावरील नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. कचेऱ्या, शाळा, महाविद्यालये ह्यांमुळे येथे मराठी सुशिक्षितांची मोठी वस्ती होती, आणि नाटकाचे वेड तर विचारूच नये. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. ध्वनिक्षेपक नव्हता, नटाचा स्वर पिटातील अगदी शेवटल्या माणसाच्या कानी त्याच्या छातीच्या बळावरच पोचावा लागे. पद रंगले की वन्समोरचा गजर होई, व गायक तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गाई. प्रेक्षक दुसऱ्या व तिसऱ्या वेळी काय नवे निघते ते ऐकण्यासाठीच टाळ्या पिटीत.

अशा ठिकाणी दीनानाथांचा गळा खुलत असे. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ व शांत. ते रसिकास हळूहळू आपल्याकडे ओढून घेई. दीनानाथांचे गाणे विजेप्रमाणे अंगावर येई. एका सप्तकातून दुसऱ्या सप्तकात झेप, अनपेक्षित ठिकाणी घेतलेली मुरकी, पंजाबी ढंगाच्या चपळ ताना, आणि शब्दांवर दिलेला जोरकस आघात ही त्यांची वैशिष्ट्ये. एकच पद दोन रात्री सारखे गाणे त्यांच्या प्रकृतीस मानवत नसे. ह्या गोष्टीचे स्मरण वाचकांनी ठेवावे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

अशा आवेशी गळ्यास शोभेल असे नाटक त्यांस वऱ्हाडातून मिळाले, आणि हा दुसरा धागा. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे स्वातंत्र्याच्या चळवळीत कारावास भोगलेले देशभक्त व नाटककार. त्यांचे ‘रणदुंदुभी’ हे नाटक बळवंत मंडळीने १९२७ साली रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या होत्या. कथानक कल्पित राज्याचे, पण पारतंत्र्याविषयीची त्यातील पदे दीनानाथांच्या तोंडून ऐकताना प्रेक्षकांस ती कोणत्या राज्यास उद्देशून आहेत हे कोणी सांगावे लागत नसे. सरकारची करडी नजर असता अशी पदे उघड्या रंगमंचावर बेधडक गाणे हे धाडसाचेच काम होते. त्यानंतर १९३१ साली रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या बॅ. सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटकही ह्याच मंडळीने केले. दीनानाथ सभेत भाषणे करणारे पुढारी नव्हते. परंतु नाटके निवडताना त्यांचा कल कोठे होता हे ह्या दोन नावांवरून दिसते. ह्या सुमारास स्त्रीभूमिकांबरोबर पुरुषभूमिकांतही त्यांनी नाव मिळविले. ‘मानापमाना’तील त्यांचा धैर्यधर वाखाणला गेला.

घरसंसाराविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, खानदेशातील थाळनेरच्या लाड घराण्यात त्यांचा विवाह झाला. पहिली पत्नी अल्पायुषी ठरल्यामुळे तिच्याच धाकट्या बहिणीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ह्याच माई मंगेशकर. लता, मीना, आशा, उषा व हृदयनाथ ही त्यांची पाच अपत्ये. वडील मुलीचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे झाला. सांगलीस प्रशस्त घर होते, व संस्थेच्या भरभराटीच्या काळी पैसाही पुष्कळ येत होता. तो राहिला मात्र नाही. दीनानाथांचा हात सढळ होता, आणि हिशेबाच्या वहीकडे पाहण्याची आवड त्यांस कधीच नव्हती. थोर कलावंतांच्या चरित्रांत हे वाक्य इतक्या वेळा लिहावे लागते की आम्हांस त्याचा कंटाळा आला आहे. परंतु खरे ते लिहिले पाहिजे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट झळकला. पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट निघाला. मूकपट वीस वर्षे चालू होते, पण त्यांचे भय नाटकवाल्यांस फारसे वाटले नव्हते. कारण मराठी प्रेक्षक नाटकास जाई तो मुख्यतः गाणे ऐकण्यास, आणि मूकपट गात नव्हता. आता पडद्यावरील माणसे बोलू लागली, गाऊही लागली. नागपुरातही बोलपटांनी लौकरच पाय रोवले. सीताबर्डीवरील व्हरायटी चौक हा एका चित्रपटगृहाच्याच नावाने ओळखला जातो.

बोलपट नाटकापेक्षा सरस होता म्हणून नाटके बंद पडली, असे पुष्कळ लोक समजतात. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे. सुरुवातीच्या बोलपटांतील गाणे नाटकातील गाण्याच्या पासंगासही पुरत नव्हते. खरा प्रश्न साध्या अंकगणिताचा होता. नाटक मंडळीने एका रात्री एका गावी एक खेळ करावा, त्यावर शंभर तोंडे पोसावीत, रेल्वेचे भाडे द्यावे, पावसाने खेळ बुडाला तरी दुसऱ्या दिवशी भात शिजवावाच. उलट बोलपटाची फीत एकदा तयार झाली की तिच्या प्रती काढून त्याच दिवशी मुंबईत, पुण्यात व नागपुरात तीन-तीन खेळ दाखविता येत. फितीस भूक लागत नाही, तिचा गळा बसत नाही, आणि ती पगारही मागत नाही. म्हणून चित्रपटाचे तिकीट काही आण्यांत देता येई. गिरणीतील कामगार, कचेरीतील कारकून व महाविद्यालयातील विद्यार्थी रात्रभर जागरण न करता दोन-अडीच तासांत करमणूक करून घरी परतू लागले. नाट्यगृहांच्या मालकांसही नाटक मंडळीपेक्षा चित्रपट लावणे फायद्याचे वाटू लागले. एकामागून एक नाट्यगृहांत पांढरे पडदे लागले, आणि फिरतीवरील मंडळ्यांस खेळ करण्यास जागा मिळेनाशी झाली.

चांगले नटही तिकडेच ओढले गेले. गोविंदराव टेंबे ‘अयोध्येच्या राजा’त हरिश्चंद्र झाले. नाटकात स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस १९३६ साली ‘संत तुकाराम’ ह्या बोलपटात तुकाराम झाले, व तो बोलपट मुंबईस वर्षभराहून अधिक चालला. साक्षात बालगंधर्वांनीही प्रभातशी भागी करून ‘धर्मात्मा’ ह्या १९३५ च्या बोलपटात एकनाथांची भूमिका केली. पण कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही व ते रंगभूमीवर परत आले. रंगभूमीवरही निराळे वारे वाहू लागले होते. १९३३ साली नाट्यमन्वंतर ह्या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे आटोपशीर नाटक केले व त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या.

अशा स्थितीत दीनानाथांनी काय करावयास हवे होते? दुसऱ्याच्या कंपनीत पगारी नट होणे हा एक मार्ग होता, आणि तो सुरक्षितही होता. पण त्यांच्या पाठीशी मंडळीतील शे-पाऊणशे माणसे होती. एकट्याने सुरक्षित जागी जाणे म्हणजे त्यांस वाऱ्यावर सोडणे. म्हणून दीनानाथ व चिंतामणराव ह्यांनी स्वतःच बोलपट काढण्याचे ठरविले. सांगलीस बळवंत पिक्चर्स ही संस्था निघाली. दिग्दर्शनात चिंतामणरावांच्या जोडीस विश्राम बेडेकर हे तरुण लेखक होते. ह्यांचा जन्म अमरावतीचा. त्यांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक ह्याच मंडळीने १९३३ साली केले होते. १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा त्यांचा बोलपट पडद्यावर आला. त्यात दीनानाथांनी काम केले व गाणीही म्हटली.

तो चालला नाही. नाटक एका रात्री पडले तर दुसऱ्या रात्री ‘सौभद्र’ लावून तूट भरून काढता येते. बोलपटात मात्र पहिला रुपया मिळण्यापूर्वीच सारे भांडवल फितीत, यंत्रांत व मजुरीत गुंतून पडलेले असते, आणि तो पडला की सारेच पडते. शिवाय पूर्वी सांगितलेली गोष्ट येथे आड आली असे आम्हांस वाटते. दीनानाथांचे गाणे समोरच्या प्रेक्षकांच्या श्वासावर फुलणारे. यंत्रापुढे तीन-चार मिनिटांत, आधी ठरविल्याप्रमाणे व कॅमेऱ्याच्या चौकटीत उभे राहून गाणे हा त्यांचा धर्मच नव्हता. वन्समोर देणारे कोणी तेथे नव्हते. ज्या गळ्याने हजारोंची सभा डोलविली, त्या गळ्यास त्या यंत्रात मावता आले नाही.

कर्ज झाले, बळवंत मंडळी मोडली, माणसे पांगली. दुसऱ्या मंडळ्यांचीही गत निराळी नव्हती. ललितकलादर्श १९३७ साली बंद पडली. दीनानाथ अधूनमधून नाटकांचे प्रयोग लावीत, गाण्याच्या बैठकी करीत, शिष्यांस शिकवीत. ज्योतिषाचाही त्यांस नाद होता. ह्याच पडत्या काळातील एक हकीकत लताबाईंनी अनेकदा सांगितलेली आहे. सांगलीच्या घरी दीनानाथ एका शिष्यास पूरिया धनाश्रीची चीज घोकावयास सांगून बाहेर गेले होते. शिष्य चुकत होता. पाच वर्षांच्या लताने खेळ सोडून त्यास चूक दाखविली व ती जागा स्वतः गाऊन दाखविली. दारात परत आलेल्या वडिलांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीस उठविले, हाती तंबोरा दिला व शिकवणी सुरू केली. परक्या मुलांस शिकवीत असता घरातच गवई आहे हे आपणांस दिसले नाही, ह्याचे त्यांस नवल वाटले. पुढे एकदा ‘सौभद्रा’च्या प्रयोगास नारदाचे काम करणारा नट आयत्या वेळी आजारी पडला, तेव्हा ह्या चिमुरड्या मुलीने वडिलांच्या अर्जुनापुढे नारद उभा केला व वन्समोर घेतला.

आपल्या मुलींनी चित्रपटात जावे असे दीनानाथांच्या मनात नव्हते. त्यांस अभिजात संगीताची विद्या द्यावी एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु तेवढी सवडही दैवाने दिली नाही. सांगलीचे घर सुटले, कुटुंब पुण्यास आले, प्रकृती ढासळत गेली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. लताचे वय त्या वेळी १२ वर्षांचे, हृदयनाथ अवघे चार वर्षांचे. कुटुंबाच्या मदतीस मास्टर विनायक धावून आले, व त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ ह्या बोलपटात लताने लहानसे काम केले व गाणेही म्हटले. ज्या धंद्याने बापाचे छत्र हिरावले त्याच धंद्याच्या दारात पोटासाठी त्या मुलीस उभे राहावे लागले. पुढील इतिहास वाचकांस ठाऊकच आहे.

दीनानाथांचे गाणे आज आपणांस ऐकावयास मिळते ते जुन्या ध्वनिमुद्रिकांवर. एका बाजूस तीन मिनिटे, एवढीच त्यांची मर्यादा. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी तिसऱ्या वन्समोरला काय निघत असेल ह्याची त्यावरून केवळ कल्पना करावयाची. त्यांचे सहकारी चिंतामणराव ह्यांनी पुढे ‘बहुरूपी’ ह्या आत्मचरित्रात त्या दिवसांचे वर्णन केले, व त्या ग्रंथास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. गोव्यात व सांगलीस नाट्यगृहांस, पुण्यात रुग्णालयास दीनानाथांचे नाव दिलेले आहे.

तिसरा धागा राहिला. मूर्तिजापूर येथे १९२० साली जन्मलेला एक मुलगा नागपुरात वाढला व शंकरराव सप्रे ह्यांच्यापाशी गाणे शिकला. १९३५ साली भालजी पेंढारकरांनी ‘कालियामर्दन’ ह्या बोलपटात त्यास कृष्णाची भूमिका दिली. हेच पं. वसंतराव देशपांडे. दीनानाथांच्या गायकीने ते इतके भारले गेले की तीच त्या झेपा, तोच तो बेदरकारपणा त्यांनी आपल्या गळ्यात मुरविला व दीनानाथांचे ऋण उघडपणे मानले. १९६७ साली नाट्यसंपदा ह्या संस्थेने ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे; संगीतकार जितेंद्र अभिषेकी हे दीनानाथांच्याच मंगेशी गावचे; आणि त्यातील खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे रात्रीमागून रात्री वन्समोर घेत होते.